मेजरबाहेरच्या विषयांच्या अध्ययन निष्पत्ती: किती ठेवायच्या, कशा लिहायच्या, तपासायच्या कशा?

उपवन (प्रश्न)

ठाण्यातलं स्वायत्त कॉलेज, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा, प्रथम वर्षाला साधारण ९०० मुलं. मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) सोडून जे उरतं, म्हणजे ओई (खुले वैकल्पिक विषय), एईसी (भाषा व संवादक्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), या सगळ्यांना मिळून एकच सामाईक निष्पत्तींची यादी करायचं ठरलंय. आत्तापर्यंत प्रत्येक विभाग आपापल्या पेपरपुरतं लिहून द्यायचा आणि त्याचा एकमेकांशी काही संबंध नसायचा.

मसुद्यात १४ मुद्दे जमलेत. नमुन्यादाखल चार देतो:

‘विद्यार्थ्यामध्ये चिकित्सक विचारसरणी विकसित होईल.’
‘विद्यार्थ्याला भारतीय ज्ञानपरंपरेची जाण येईल.’
‘विद्यार्थी जबाबदार व संवेदनशील नागरिक बनेल.’
‘विद्यार्थ्याला पर्यावरण, लिंगभाव, मानवी हक्क व संविधान या विषयांचे महत्त्व समजेल.’

बाकीचे दहाही याच चालीवर आहेत. माझ्या शंका अशा: (१) १४ जास्त होतात का? (२) प्रत्येक पेपरला सगळे मुद्दे लावायचे की वाटून द्यायचे? (३) ९०० मुलांचं ‘जबाबदार नागरिकत्व’ तपासायचं कसं? सत्रान्त परीक्षेचे गुण हाच पुरावा धरला तर चालतो का? मुलं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांतून आलेली आहेत, हेही सांगून ठेवतो.

---

पारसिक

आधी तासांचा हिशेब मांडा, म्हणजे १४चा प्रश्न आपोआप सुटेल. नव्या शैक्षणिक धोरणासाठीच्या २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयातल्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांत ओई १० ते १२ क्रेडिट, एईसी ८, व्हीईसी ४, आयकेएस २. बेरीज जास्तीत जास्त २६. एका क्रेडिटला वर्गातले १५ तास धरले तर एकूण ३९० तास. १४ मुद्द्यांत वाटले की एकाच्या वाट्याला २८ येतात. ऐकायला हे बरं वाटतं. पण एखादं कौशल्य एकदा शिकवून येत नाही, निदान तीन वेळा समोर यावं लागतं. म्हणजे दर वेळी नऊ-साडेनऊ तास, आणि त्यातच त्या पेपरचा स्वतःचा अभ्यासक्रम, चाचण्या, गॅदरिंगच्या आठवड्यात बुडालेले तास. सहा मुद्दे ठेवले तर प्रत्येकाला ६५ तास, दर वेळी एकवीस-बावीस. एवढ्यात काहीतरी करता येतं. त्यामुळे पाच किंवा सहा. सातव्याला कोणी आग्रह धरला तर सहांपैकी कोणता काढायचा ते त्यांनाच विचारा. सहसा आग्रह तिथेच मावळतो.

आता शब्दरचना. उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांची मसुद्यात सरमिसळ झालीय. उद्दिष्ट म्हणजे शिकवणाऱ्याचा हेतू. निष्पत्ती म्हणजे विद्यार्थी जे करून दाखवणार ते. ‘विकसित होईल’, ‘जाण येईल’, ‘महत्त्व समजेल’ हे सगळे हेतू आहेत. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवा: याचा पुरावा म्हणून मुलाच्या हातचा कोणता कागद काढून दाखवाल? कागद डोळ्यांपुढे येत नसेल तर वाक्य परत लिहा.

‘चिकित्सक विचारसरणी’चं असं करता येईल: ‘एकाच प्रश्नावरचे परस्परविरोधी दोन मजकूर वाचून विद्यार्थी प्रत्येकातला दावा, त्याचा आधार आणि न बोललेलं गृहीतक वेगळं काढतो, आणि कोणता आधार कच्चा आहे ते कारणासह लिहितो.’ वाक्य लांबलं, पण यातूनच प्रश्नपत्रिका तयार होते. दोन मजकूर द्या, तीन गोष्टी विचारा.

संख्यांबद्दलचं वाक्य तुमच्या नमुन्यात नाही. दहांतही नसेल तर ती मोठी उणीव आहे. मी असं लिहीन: ‘तक्ता किंवा आलेख वाचून विद्यार्थी दर व टक्केवारी योग्य पायावर काढतो आणि तो आकडा कुठे लागू पडत नाही ते सांगतो.’ ‘योग्य पाया’ का म्हणतो ते ठाण्याच्याच उदाहरणाने कळेल. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. आजच्या ठाणे जिल्ह्यातल्या शाळा किंवा रुग्णालयांतल्या खाटा मोजून त्यांना या १ कोटी १० लाखाने भागलं, तर गणित बरोबर येतं आणि उत्तर साफ चुकतं. हे बीकॉमच्या मुलाला कळायला हवं तितकंच बीएच्याही.

बाकीच्या चार जागांसाठी माझी शिफारस: दोन भाषांतलं लेखन आणि बोलणं, ज्ञानशाखांच्या पद्धती (प्रयोगशाळेत पुरावा कशाला म्हणतात, इतिहासात कशाला, समाजशास्त्राच्या पाहणीत कशाला), मूल्यांचा संघर्ष असलेल्या प्रश्नावर निर्णय घेऊन तो मांडणं, आणि दोन शाखांचं ज्ञान एकाच प्रश्नावर लावणं. संविधान, पर्यावरण, लिंगभाव, ज्ञानपरंपरा हे आशय आहेत, निष्पत्ती नव्हेत. ते अभ्यासक्रमातच राहतील, फक्त त्यांच्यावर वरचं काहीतरी करून दाखवायचं. आयकेएसच्या पेपरात ‘जाण येईल’च्या जागी ‘एका पारंपरिक पद्धतीचं (पंचांगातली कालगणना, पाणी साठवण्याची रचना, जे असेल ते) कार्य समजावून सांगतो आणि तिच्याबद्दलचा कोणता दावा पुराव्याने सिद्ध होतो व कोणता होत नाही ते वेगळं करतो’ असं आलं की तो पेपर पाठांतरातून सुटतो.

एक सापळा: ब्लूमची उतरंड, म्हणजे शिकण्याच्या सोप्यापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्या. मूळ १९५६ची, सुधारित २००१ची, सहा पायऱ्या. बरेच जण दोन क्रेडिटच्या पेपरला सहा निष्पत्ती लिहितात, पायरीला एक, ‘आठवतो’पासून ‘निर्माण करतो’पर्यंत. ३० तासांत कोणी एवढ्या पायऱ्या चढत नाही. उतरंड क्रियापद निवडायला वापरा, जिना भरायला नको.

---

सेक्टर सतरा

पारसिक यांच्याशी सहमत. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण आराखडा खरा तिथेच फसतो.

सगळ्या पेपरांना सगळ्या निष्पत्ती लावायच्या नाहीत. एका पेपरला मुख्य दोन, बस्स. तक्ता काढा: उभे रकाने सहा निष्पत्तींचे, आडव्या ओळी पेपरांच्या. चौकोनात १-२-३ असे आकडे घालू नका. तसे घातले की प्रत्येक विभाग ‘आमच्या पेपरात सगळंच आहे’ म्हणून सगळीकडे ३ लिहितो, सरासरी अडीचच्या वर जाते आणि तक्त्यातून काहीही कळत नाही. आकड्यांऐवजी तीन अक्षरं घ्या: ‘ओ’ म्हणजे ओळख, ‘स’ म्हणजे सराव, ‘प’ म्हणजे पडताळणी. जिथे ‘प’ लिहाल तिथे त्या पेपरने वर्षाअखेर मुलांचं प्रत्यक्ष काम समितीला द्यायचं. ही अट आधीच सांगा. ‘प’ची संख्या झटकन कमी होते आणि उरतात ते खरे असतात.

मग तक्ता उभा वाचा. प्रत्येक रकान्यात किमान एक ‘ओ’, दोन ‘स’, एक ‘प’ हवा. आणि खरी मेख पुढे आहे: मुलाने कोणतेही पर्याय घेतले तरी त्याच्या वाट्याला ते आले पाहिजेत. ओई मेजरच्या बाहेरच्या शाखेतूनच घ्यायची असं आपल्याकडे आहे. त्याने शाखा बदलते, पण निष्पत्ती मिळेलच असं नाही. बीएचा मुलगा वाणिज्य शाखेतली ‘जाहिरातकला’ आणि विज्ञानातली ‘पोषण व आहार’ घेऊन सहज बाहेर पडतो आणि संख्यांचा रकाना कोराच राहतो. त्याचा दोष नाही, यादीच तशी आहे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे ती निष्पत्ती सक्तीच्या पेपरात घाला, एईसी किंवा व्हीईसीत. दुसरा म्हणजे ओईच्या यादीवर खुणा करा आणि नियम ठेवा की घेतलेल्या ओईंपैकी किमान एक ‘संख्या’ खुणेची आणि एक ‘पद्धत’ खुणेची हवी. जगात हाच वाद जुना आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने १९१९ला सगळ्यांना एकच सामाईक पेपर लावला, बऱ्याच ठिकाणी गटांतून निवडा असं ठरलं. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगानेही (विद्यापीठ शिक्षण आयोग) १९४८-४९मध्येच सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. ठाण्यातल्या कॉलेजचं वेळापत्रक, खोल्या आणि लोड पाहता निव्वळ निवडीवर सोडणं मला धोक्याचं वाटतं. ज्या ओईला तुकडी भरत नाही ती रद्द होते, मुलं उरलेल्या जागी ढकलली जातात आणि तुमचा सुंदर तक्ता जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाद होतो. म्हणून ‘प’ शक्यतो सक्तीच्या पेपरांतच ठेवा.

---

उपवन

दोघांचे आभार. तासांचा हिशेब समितीपुढे तसाच ठेवतो. दोन अडचणी सांगतो. भाषा आणि इतिहास विभाग म्हणतात, ‘आमच्या विषयाला संख्या बसत नाहीत’. आणि तिसरा प्रश्न अजून तसाच आहे: ९०० मुलांचं लेखी काम वाचणार कोण?

---

वाघबीळ

९०० वाचायचे नाहीतच. मुलांना गुण द्यायला सगळे पेपर तपासले जातातच, ते वेगळं काम. निष्पत्ती साधली का हे पाहायला नमुना पुरतो.

पद्धत सांगतो. ‘प’ असलेल्या पेपरात सगळ्या तुकड्यांना एकच कार्य द्या. हजेरीपटावर दर बारावा क्रमांक उचला, ९००मधून ७५ येतील. पहिला क्रमांक चिठ्ठी टाकून ठरवा. नाव आणि तुकडी झाका. दोन शिक्षक स्वतंत्रपणे वाचतील, एका कागदाला ८ मिनिटं. ७५ गुणिले २ गुणिले ८ म्हणजे १२०० मिनिटं, २० तास. सहा शिक्षकांत वाटले की प्रत्येकी २५ कागद, ३ तास २० मिनिटं. त्याआधी दीड तासाची बैठक वेगळी. तिच्यात तेच पाच कागद सगळ्यांनी वाचायचे, पातळी लिहायची आणि मग पानं उघडायची. जिथे एका पातळीहून जास्त फरक पडला तिथे थांबून बोलायचं. ही बैठक गाळली तर पुढचे २० तास वाया गेले समजा. एक जण शुद्धलेखनावर पातळी देतो, दुसरा मुद्द्यावर, आणि सरासरीला अर्थ राहत नाही. मुख्य वाचनातही दोघांत दोन पातळ्यांचा फरक आला तर कागद तिसऱ्याकडे.

पातळ्या चार पुरतात. अमेरिकेतल्या महाविद्यालय-संघटनेच्या व्हॅल्यू रुब्रिक (कोणत्या पातळीचं काम कसं दिसतं ते सांगणारे तक्ते) २००९मध्ये आल्या, एकूण १६ आहेत, पातळ्या १ ते ४. सुरुवातीला त्यातली चिकित्सक विचार आणि संख्यात्मक साक्षरता या दोन समोर ठेवा, पण जशाच्या तशा उचलू नका. त्या पूर्ण पदवीसाठी आहेत, ४ म्हणजे पदवी संपतानाचं काम. प्रथम वर्षाच्या मुलाला १ किंवा २ मिळणं म्हणजे नापास नव्हे. इथेच घोळ होतो: कोणीतरी १ ला २५ टक्के, २ ला ५० टक्के असं रूपांतर करतं, अर्धा वर्ग ‘काठावर’ दिसतो आणि पुढच्या वर्षी सगळे वाचक खुशाल ३ द्यायला लागतात. रुब्रिकचे गुण करू नका.

लक्ष्य कागद पाहण्याआधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा, उदाहरणार्थ प्रथम वर्षाअखेर ७० टक्के मुलं पातळी २ किंवा वर. ७५च्या नमुन्यात दोन्हीकडे सुमारे १० टक्के-गुणांचा (म्हणजे ७०चे ६० किंवा ८०) फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. ६८वरून ७२ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि ७२वरून ६८ झालं म्हणून कारणे दाखवा नोटीसही काढू नका.

सत्रान्त गुण पुरावा म्हणून चालतात का? एकाच अटीवर. प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नावर निष्पत्तीचा क्रमांक असेल आणि त्या प्रश्नाचे गुण वेगळे नोंदवले जात असतील तर. एकूण गुणांवरून ‘६० टक्क्यांवर इतकी मुलं, म्हणून निष्पत्ती साध्य’ हा हिशेब सगळीकडे चालतो आणि तो पोकळ आहे. ५०पैकी ३२ मिळवणाऱ्या मुलाने युक्तिवादाचा प्रश्न कोरा सोडून टिपांवरच ते मिळवलेले असू शकतात.

सगळ्यात महत्त्वाचं, कार्याची सूचना. रुब्रिकमध्ये ‘विरोधी मताची दखल’ अशी ओळ आहे आणि मुलांना दिलेल्या सूचनेत ‘अमुक विषयावर निबंध लिहा’ एवढंच आहे, तर त्या ओळीवर बहुतेकांना १ मिळणार. दोष मुलांचा नाही, सूचनेचा. रुब्रिकच्या प्रत्येक ओळीला सूचनेत एक तरी वाक्य हवं. कार्य वर्गातच, हाताने, ४० ते ५० मिनिटांत, मजकूर तिथेच वाटून. घरून लिहून आणलेलं काम नमुन्याला घेऊ नका. मोबाइलवरून उतरवलेल्या उत्तरात मुलाची पातळी दिसत नाही.

---

दिवा फास्ट

भाषेचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. चिकित्सक विचार इंग्रजी मजकुरावर, इंग्रजी उत्तरातून मोजलात तर हाती येईल ते इंग्रजीचं मोजमाप. मराठी माध्यमातून आलेली मुलं १ वर दिसतील आणि समिती निष्कर्ष काढेल की ‘यांना विचार करता येत नाही’. लेखनाची निष्पत्ती सोडून बाकी पाचही निष्पत्तींच्या कार्यात मजकूर दोन्ही भाषांत द्या आणि उत्तर कोणत्याही भाषेत घ्या. सूचनेत ते ठळक लिहा, नाहीतर मुलं गृहीत धरतात की इंग्रजीतच लिहायचंय. वाचक-जोडीत एक जण तरी सराईत मराठी वाचणारा हवा. नमुन्यात भाषा नोंदवा आणि निकाल भाषेनुसार वेगळे पाहा. दोन गटांत मोठी दरी दिसली तर आधी मजकुराचं भाषांतर तपासा. सरकारी परिपत्रकाच्या मराठीत उतरवलेला उतारा इंग्रजीपेक्षा अवघड होतो, हे नेहमीचं.

लेखनाची निष्पत्ती मात्र भाषेनुसारच हवी, कारण एईसीची ८ क्रेडिट इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा अशी विभागलेली आहेत. तिथे निबंध मोजू नका. मराठीत एखाद्या कार्यालयाला माहिती मागणारा अर्ज आणि पाचशे शब्दांचा मतलेख, इंग्रजीत एका तक्त्याचं दोन परिच्छेदांत वर्णन. एवढं ठेवलं तरी भाषा आणि संख्या एकाच कागदावर येतात, आणि भाषा विभागाची ‘संख्या बसत नाहीत’ ही तक्रारही मिटते.

इतिहासवाल्यांना सांगा की ठाणे जिल्ह्याच्या दोन जनगणनांतली वाढ काढणं हाच त्यांच्याकडचा संख्यांचा सराव. ४०वरून ५० टक्के झालं तर वाढ १० टक्के की २५ टक्के? दहा टक्के-गुण, पण मूळच्या मानाने पंचवीस टक्के वाढ. हा फरक वर्तमानपत्रातल्या बातमीवर दाखवायला सांख्यिकीचा प्राध्यापक लागत नाही.

---

पारसिक

दिवा फास्ट यांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मान्य.

शेवटच्या निष्पत्तीसाठी, म्हणजे दोन शाखा एका प्रश्नावर लावणं, कार्य सुचवतो. विषय घराजवळचा घ्या म्हणजे कागदपत्रं मिळतात आणि मुलं जाऊन पाहू शकतात. ठाण्याची खाडी उत्तम. २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२मध्ये खाडी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आली. चिखलाणीत अन्न काय आणि पक्षी तिथे का उतरतात हा जीवशास्त्राचा भाग. खाडीवर पोट असणाऱ्या कोळ्यांचं उत्पन्न हा अर्थशास्त्राचा. दोन्ही वापरून एका ठरावीक प्रश्नावर दीड पान: ‘अमुक किनाऱ्यावर जेट्टी व्हावी का?’ नुसतं ‘खाडीचं महत्त्व’ विचारलंत तर पोस्टर स्पर्धेतला मजकूर येईल.

ठाणे शहराचं पाणी हाही चांगला विषय आहे. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (पाणी पुरवणारी सार्वजनिक कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून ते येतं, तर नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. दोन शेजारी शहरं, दोन व्यवस्था. उन्हाळ्यात कपात झाली की परिणाम वेगळे का होतात, यात अभियांत्रिकी, अर्थकारण आणि प्रशासन तिन्ही येतं.

मूल्यनिर्णयाच्या निष्पत्तीला नवी मुंबईत विषय शोधावा लागत नाही. सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) १९७०ची, जमिनी गावांच्या, मग भरपाईसाठी १९८४चं जासईचं आंदोलन आणि साडेबारा टक्के योजना (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या भागाचा विकसित भूखंड परत). प्रश्न असा: भरपाई पैशांत, विकसित भूखंडात की नोकरीत, कोणती न्याय्य आणि कोणासाठी? मुलाने एक बाजू घ्यायची आणि दुसऱ्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा स्वतः मांडून त्याला उत्तर द्यायचं. गुण बाजूला नाहीत, मांडणीला आहेत. हे वाक्य सूचनेत छापा, नाहीतर मुलं सरांचं मत ओळखून तेच लिहितात.

दोन क्रेडिटच्या पेपरात ३० तास कसे पडतील ते ढोबळ सांगतो: आशय १८, वर्गातला सराव ८ (चार बैठका, दोन-दोन तासांच्या), पडताळणीचं कार्य २, आणि ते परत देऊन बोलायला २. हे शेवटचे दोन तास सगळ्यात आधी कापले जातात. ते कापले तर सराव आणि परीक्षा यांत फरक उरत नाही.

---

मासुंदा

थोडा विरोधी सूर. सगळंच मोजायचं का? उदारमतवादी शिक्षणाचा अर्धा भाग आवडीचा आहे. कविता ऐकून अंगावर काटा येणं, चित्रासमोर थबकणं. याला पातळी १ ते ४ लावली तर मुलं कवितेसमोर उभी राहून रुब्रिक आठवतील. रसास्वाद ही सातवी निष्पत्ती ठेवा आणि तिच्यापुढे ‘मोजायची नाही’ असं स्पष्ट लिहा.

---

वाघबीळ

भावना पटते, रचना पटत नाही. न मोजायची निष्पत्ती यादीत ठेवली की पुढच्या वर्षी कोणीतरी तिचाही रकाना भरायला मागतं आणि मग खोटे आकडे भरले जातात. तिला निष्पत्ती न म्हणता ‘अनुभव’ म्हणा आणि सह-अभ्यासक्रमाच्या सीसी क्रेडिटमध्ये ठेवा. तिथे नोंद एवढीच की मूल हजर होतं आणि काहीतरी करून आलं: गडकरी रंगायतनला एक नाटक, एखादं चित्रप्रदर्शन, एक वाचनकट्टा. सोबत अर्धं पान लिहिलेलं, जे कोणी तपासणार नाही. ‘तपासणार नाही’ हेही मुलांना सांगा. लिहिण्याची पद्धतच बदलते.

---

मासुंदा

हे चालेल.

---

सेक्टर सतरा

कागदोपत्री बाजू राहिली, थोडक्यात सांगतो. हे पेपर कोणत्याच एका अभ्यासमंडळाचे नसतात, म्हणून अनाथ असतात. इतिहासाचं मंडळ इतिहासाची ओई पाहतं, सामाईक निष्पत्ती कोणीच पाहत नाही. अकॅडमिक कौन्सिलकडून एक सामाईक मंडळ मंजूर करून घ्या, तिन्ही शाखांचे लोक आणि भाषांचे दोन. ठरावात लिहून घ्या की नवी ओई मंजूर करताना ‘मुख्य दोन निष्पत्ती कोणत्या आणि त्यांचं कार्य कोणतं’ हे पान जोडलेलं असल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. एक पान, जास्त नको.

राष्ट्रीय पात्रता चौकटीत प्रथम वर्षाची पातळी ४.५, द्वितीयची ५, तृतीयची ५.५, चौथ्या वर्षाची ६. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय असल्यामुळे सहाही निष्पत्तींची प्रथम वर्षाअखेरची अपेक्षा वेगळ्या वाक्यात लिहावी लागते. निष्पत्ती तीच, फक्त मदत किती: प्रथम वर्षाला दोन मजकूर तुम्ही निवडून देता, तिसऱ्या वर्षाला मूल स्वतः शोधतं.

नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) वेगळी यादी करू नका. निष्पत्ती जाहीर केल्यात का आणि साध्य किती झाल्या हेच तिथेही विचारतात. सहांची यादी संकेतस्थळावर टाका, नमुन्याचा निकाल जोडा, आणि निकाल पाहून काय बदललं ते दोन ओळींत. या शेवटच्या दोन ओळी बहुतेक अहवालांत नसतात. पहिल्या वर्षी सहाही तपासायला जाऊ नका. दोन घ्या, युक्तिवाद आणि संख्या. दर वर्षी दोन, तीन वर्षांत फेरी पूर्ण.

---

उपवन

आज समितीत सहावर एकमत झालं. आयकेएस आणि संविधान आशयात गेले. पहिल्या वर्षासाठी दोनांची वाक्यं अशी केलीत, बघा:

‘विद्यार्थी एकाच प्रश्नावरील परस्परविरोधी दोन मजकुरांतील दावे, आधार व गृहीतके वेगळी करतो व त्यांवर सखोल विचार करून किमान एक निष्कर्ष मांडतो.’

‘विद्यार्थी दिलेल्या तक्त्यावरून दर व टक्केवारी काढतो आणि त्यांचा अर्थ समजून घेतो.’

---

पारसिक

पहिल्यात ‘सखोल विचार करून’ काढा, तो कागदावर दिसत नाही. ‘किमान एक’ही काढा, किती हे रुब्रिकच्या पातळीत सांगायचं. त्या जागी ‘कोणता आधार कच्चा ते कारणासह लिहितो’ परत घाला, तोच या वाक्याचा कणा होता.

दुसऱ्यात ‘अर्थ समजून घेतो’ म्हणजे फिरून जुनीच चाल. ‘तो आकडा कशाला लागू नाही ते एका वाक्यात लिहितो’ असं करा. आणि ‘योग्य पाया’ कुठे गेला? तो नसेल तर पालघर परत ठाण्यात येईल.